अरण्यप्रथेतची स्वस्त टुकटुक : सीमा येण्याआधीच झालेल्या फसवणुकीचं एक प्रकरण

मावशी प्रवासात एक छोटी वही जवळ ठेवते. पाण्याच्या बाटलीपासून खोलीच्या भाड्यापर्यंत प्रत्येक खर्च त्याच दिवशी, ज्या चलनात झाला त्याच चलनात लिहायचा, ही तिची जुनी शिस्त. त्या वहीतलं डिसेंबर २०१९ मधलं एक पान माझ्यासमोर आहे. बँकॉकहून निघून, जमिनीवरून सीमा ओलांडून आम्ही दोघी कंबोडियातल्या सिएम रीपला पोहोचलो, त्या दिवसाचं.

त्या एका दिवसात आमचे साधारण ९५ डॉलर नाहक गेले. रक्कम ऐकून कुणी म्हणेल, एवढेच ना? पण मला हे लिहावंसं वाटतं ते रकमेसाठी नाही. आम्ही अडाणीपणे गेलो नव्हतो. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा सीमेवरच (‘ऑन अरायव्हल’) मिळतो आणि त्याची फी माणशी ३० डॉलर आहे, हे मावशीला पाठ होतं. तेवढ्या नोटा तिने वेगळ्या पाकिटात घालून ठेवल्या होत्या, दोघींचे फोटोही त्यातच होते. तरीसुद्धा त्या पाकिटाला हातही न लावता आम्ही थाई बातमध्ये जवळजवळ दुप्पट पैसे मोजले, आणि मोजताना आपण शहाणपणाच करतोय असं आम्हाला वाटत होतं. फी माहीत असणारा माणूस फीमध्येच कसा फसतो, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

स्टेशन

बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्टेशनवरून पहाटे सहाच्या सुमाराला सुटणारी तिसऱ्या वर्गाची गाडी आम्ही पकडली. पन्नास बातच्या आत तिकीट, उघड्या खिडक्या, दोन्ही बाजूंना भातशेती. साडेअकराच्या आत गाडी थायलंडच्या सीमेजवळच्या अरण्यप्रथेत या गावाला लागली. नाव आपलंच वाटावं असं आहे. ‘अरण्य’ आणि ‘प्रदेश’ हेच ते दोन शब्द, थाई जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. मावशीने पाटीवरचं नाव दोनदा वाचलं आणि तिला फार आनंद झाला. माझ्या मते त्या क्षणी आम्ही थोड्या सैलावलो. अनोळखी ठिकाणी ओळखीचं काही सापडलं की माणूस सैलावतोच.

एक गोष्ट आम्हाला नंतर कळली. त्याच वर्षाच्या मध्यापासून ती गाडी अरण्यप्रथेतच्या पुढे, अगदी सीमेजवळच्या बान खलोंग लुएक स्टेशनपर्यंत जायला लागली होती. आम्ही जागेवर बसून राहिलो असतो तर आणखी दहाएक मिनिटांत नाक्याजवळ पोहोचलो असतो आणि कदाचित हे प्रकरण घडलंच नसतं. पण आमच्याकडची माहिती जुनी होती. त्यात लिहिलं होतं, ‘अरण्यप्रथेतला उतरा, तिथून सहा किलोमीटरवर सीमा, टुकटुक करा.’ म्हणून आम्ही उतरलो.

बाहेर टुकटुक, म्हणजे तिथल्या रिक्षा, उभ्याच होत्या. आम्ही वाचलेला दर ८० ते १०० बात होता. पहिल्याच चालकाने ६० मागितले. मी मावशीकडे बघितलं, मावशीने माझ्याकडे. “बस, बस, चांगला माणूस दिसतोय,” ती म्हणाली. वहीत त्या ओळीपुढे तिने कंसात लिहिलंय : ‘स्वस्त पडली.’

पान आज बघताना माझा डोळा सगळ्यात आधी त्या दोन शब्दांवर जातो. चालत्या भावापेक्षा कमी पैसे मागणाऱ्याला उरलेले पैसे कुठून तरी मिळत असतात. जास्त मागितले की आपण सावध होतो, घासाघीस करतो. कमी मागितले की आभार मानतो. त्या टुकटुकवाल्याची कमाई आमच्या साठ बातमध्ये नव्हती, आम्हाला जिथे नेऊन उतरवायचं होतं तिथे होती.

इमारत

सहा किलोमीटरच्या मानाने टुकटुक लवकर थांबली. रस्त्याला लागून अंगण, अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे एक नीटनेटकी इमारत, वर झेंडा. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले तीन-चार तरुण पुढे आले. एकाच्या हातात फॉर्मचा गठ्ठा. त्याने बॅगा उतरवायला मदत केली आणि अगदी सहज विचारलं, “कंबोडियाचा व्हिसा आहे का?”

आम्ही म्हटलं, नाही.

या एका प्रश्नाचं वजन मला तेव्हा कळलं नाही. आमच्याकडे काय नाही, ते आम्ही स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं. पुढचं सगळं त्या ‘नाही’वर उभं राहिलं. तो म्हणाला, व्हिसा इथेच घ्यायचा, पुढे नाक्यावर गर्दी आहे, तीन तास लागतील, आणि उशीर झाला तर सिएम रीपची शेवटची बस चुकेल. मावशीने डॉलरचं पाकीट काढलं. तो हसून म्हणाला, इथे डॉलर चालत नाहीत, आपण थायलंडमध्ये आहोत ना. माणशी १,७०० बात.

मी हळूच म्हटलं, “मावशी, हे जास्त होतंय गं. तीस डॉलर म्हणजे नऊशेच्या आसपास बात होतात.”

ती म्हणाली, “अगं, पण हे ऑफिस आहे. बाहेर रस्त्यावर थोडंच घेतायत?”

त्या माणसाचं एक वाक्य मी विसरणार नाही. फॉर्म भरता भरता त्याने आवाज खाली आणला आणि काळजीच्या सुरात सांगितलं, “नाक्यावर फसवणारे लोक फार आहेत. कुणाशी बोलू नका, पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका.” हे सांगताना आमचे दोन्ही पासपोर्ट त्याच्याच हातात होते. आम्ही मान डोलावली. ज्याने आधी सावध केलं त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही.

पासपोर्ट घेऊन तो आत गेला. पंधरा मिनिटं आली नि गेली. त्या पंधरा मिनिटांत आमची नकार देण्याची ताकद संपली. ‘नको, आम्ही पुढे जाऊन बघतो’ हे वाक्य पासपोर्ट आपल्या पर्समध्ये असताना सोपं असतं, दुसऱ्याच्या टेबलावर असताना नाही. तो परत आला तेव्हा दोन्ही पासपोर्टांत पानभर व्हिसाचं चिकटपत्र होतं, नाव आणि नंबर बिनचूक. मावशीने ३,४०० बात मोजून दिले.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण अशा प्रकरणांबद्दल बोलताना ‘खोटा व्हिसा’ असा शब्द सर्रास वापरला जातो. व्हिसा खोटा नव्हता. त्यावर आम्हाला पुढे रीतसर प्रवेश मिळाला. ती इमारत खरी कचेरी होती की दलालांचं दुकान, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही, आणि माझ्या मते तो प्रश्न गौण आहे. आम्हाला जी वस्तू विकली ती खरी होती. ती तिथे, त्या भावाने विकत घेणं भाग आहे, एवढंच खोटं होतं. हातात खरी वस्तू पडली की फसल्याची जाणीव उशिरा होते, कधी कधी होतही नाही. अनेक जण त्या अंगणातून समाधानाने पुढे गेले असतील.

रियाल

त्याच तरुणांपैकी एक जण नाक्यापर्यंत सोबतीला आला. वाटेत मावशीची बॅग त्याने ओढली. त्याने सांगितलं की कंबोडियात फक्त तिथला रियाल चालतो, एटीएम सहसा मिळत नाहीत, तेव्हा ‘सरकारी दराने’ आत्ताच पैसे बदलून घ्या. टेबल, काचेचा गल्ला, दराची पाटी, सगळं तयार होतं. आम्ही ५,००० बात दिले आणि ५ लाख रियाल घेतले. लाखांत मोजलेल्या नोटांचा जाड गठ्ठा हातात आला की हिशेब सुचत नाही.

हिशेब असा होता. तेव्हा एका डॉलरला चार हजारांच्या थोडे वर रियाल मिळत आणि साधारण तीस बात. म्हणजे एका बातला १३५ च्या आसपास रियाल. आम्हाला मिळाले शंभर. पाच हजार बातचे पावणेसात लाख रियाल व्हायला हवे होते, पावणेदोन लाख तिथेच राहिले. साधारण ४३ डॉलर.

आणि मुळात रियाल लागतच नव्हते. कंबोडियात तेव्हा रोजचे बरेचसे व्यवहार डॉलरमध्ये होत, एटीएममधूनही सहसा डॉलरच येत. डॉलरची नाणी तिथे चालत नसत, म्हणून एका डॉलरच्या आतली सुटी रक्कम तेवढी रियालमध्ये परत देत. मावशीच्या पाकिटातले साठ डॉलर त्या देशात पहिल्या मिनिटापासून चालले असते. ते पाकीट तिने दिवसभर पोटाशी जपून ठेवलं होतं.

पाटी

मग आम्ही खरोखरीच्या सीमेवर आलो.

थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसला. बाहेर आल्यावर छोटा पूल, खाली गढूळ ओढा. पुलावरून मालाने खच्चून भरलेल्या लाकडी हातगाड्या जात होत्या, बायका आणि पोरं त्या ओढत होती. अलीकडच्या बाजूला रोंग क्लुआचा मोठा बाजार आहे, त्याच्यासाठी ही ये-जा तेव्हा दिवसभर चालायची. समोर अंगकोरच्या मंदिरांच्या शिखरांसारखी कमान, आणि तिच्या पलीकडे, दोन देशांच्या नाक्यांच्या मधल्या पट्ट्यात, चक्क कॅसिनोंच्या इमारती. थायलंडमध्ये कॅसिनोला परवानगी नाही, म्हणून तिथले लोक खेळायला इथे येत.

पुलापलीकडे उजव्या हाताला एक साधं ऑफिस दिसलं. आत दोन खिडक्या, भिंतीवर पाटी : पर्यटक व्हिसा, ३० डॉलर. रांगेत सात-आठ माणसं होती. तीन तासांची गर्दी नव्हती, वीस मिनिटांचीही नव्हती.

मावशी त्या पाटीसमोर थांबली. काही बोलली नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाटी वाचली. मग म्हणाली, “म्हणजे ‘ऑन अरायव्हल’ हे इथे होतं.”

तिच्या त्या एका वाक्यात प्रकरणाचं सगळं निदान आहे. आम्हाला फी माहीत होती, जागा माहीत नव्हती. ‘सीमेवर व्हिसा मिळतो’ हे आम्ही वाचलं होतं, पण जमिनीवरची सीमा दिसते कशी, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. विमानतळावर क्रम आपोआप पाळला जातो. एका दारातून आत गेलात की पुढची खिडकी समोर येते, मध्ये टुकटुकवाला शिरू शकत नाही. जमिनीवर तसं काही नसतं. गाव, बाजार, दुकानं, अंगणं, झेंडे सगळं सलग पसरलेलं असतं, आणि एक देश नेमका कुठे संपतो ते पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगणारं कुणी नसतं. दलालांचा सगळा धंदा त्या पसरलेल्या पट्ट्यात चालतो.

क्रम खरं तर सोपा आहे. आधी ज्या देशात आहोत तिथून बाहेर पडल्याचा शिक्का, मग चालत मधला पट्टा ओलांडणं, मग समोरच्या देशाचा व्हिसा, मग त्याचा प्रवेशाचा शिक्का. पासपोर्टावर थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का बसेपर्यंत कंबोडियाच्या व्हिसासाठी कुणाला काहीही देण्याचं कारण नाही. हे एक वाक्य आम्हाला माहीत असतं तर त्या अंगणातलं ओळखपत्र, झेंडा, फॉर्म, काहीच कामाला आलं नसतं. ती माणसं खरी की खोटी हे ठरवत बसावंही लागलं नसतं. शिक्का बसलाय का? नाही. मग टुकटुक पुढे घ्या.

मी त्यानंतर या नाक्याबद्दल इतरांनी लिहिलेले बरेच अनुभव वाचले. तपशील बदलतात. कुणाला बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावरच्या एजंटाने स्वस्त बसमध्ये बसवलं आणि बस सीमेआधी एका खानावळीत व्हिसाचे फॉर्म भरायला थांबली. कुणाकडून फोटो नाही म्हणून किंवा नुसतेच शंभर-दोनशे बात जास्तीचे मागितले गेले. पण मोठी रक्कम बहुतेकांची शिक्क्याच्या अलीकडेच गेलेली दिसते. पलीकडे गेलं ते किरकोळ.

दुसरा मार्गही होता आणि तो आम्ही आळसाने सोडला. कंबोडियाचा ई-व्हिसा तेव्हा ३६ डॉलरला घरबसल्या मिळत होता आणि पोईपेटच्या, म्हणजे कंबोडियाच्या बाजूच्या, नाक्यावर चालत होता. सहा डॉलर वाचवायचे म्हणून आम्ही तो काढला नाही. त्याचा खरा फायदा वेळेचा नव्हता. ‘व्हिसा आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर देता आलं असतं, आणि संभाषण तिथेच संपलं असतं. मात्र हा अर्ज करताना सरकारी संकेतस्थळच उघडलंय ना, हे नीट बघावं लागतं. हुबेहूब तशीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी दुसरी संकेतस्थळं शोधताना आधी समोर येतात.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही करू शकलो असतो. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आहे. पैसे परत मिळाले असते असं मी म्हणत नाही. पण त्या अंगणात उभं राहून नुसतं ‘मी ११५५ ला विचारून घेते’ एवढं म्हटलं असतं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला बरंच कळलं असतं. परक्या ठिकाणी प्रश्न विचारणं म्हणजे अपमान करणं, असं आपल्याला उगाच वाटतं. त्या दिवशी मला तसंच वाटलं. मावशीला मी अजून एकदा, जरा मोठ्याने अडवायला हवं होतं.

सिएम रीप

प्रवेशाचा शिक्का घेऊन पोईपेटमध्ये आलो, तर फुकटची बस उभी. ती गावाबाहेरच्या टर्मिनलवर न्यायची, तिथे गाड्यांचे दर ठरलेले. गाडीचे ४८ डॉलर सांगितले. गावात घासाघीस केली असती तर कमी पडले असते, पण निदान दर पाटीवर लिहिलेला होता. आणखी दोन प्रवाशांबरोबर आम्ही ती गाडी वाटून घेतली, माणशी १२. सिसोफोनपर्यंत पाच नंबरचा राष्ट्रीय मार्ग, तिथून सहा नंबरचा, एकूण दीडशे किलोमीटर, अडीच तास. रस्ता चांगला होता. आमच्या प्रवासाच्या दहा-बारा वर्षं आधी तो कच्चा होता आणि याच अंतराला अख्खा दिवस लागायचा असं म्हणतात.

सिएम रीपच्या वेशीवर गाडी थांबली. चालक म्हणाला, मोठ्या गाडीला आत बंदी आहे, पुढे ही टुकटुक सोडेल, पैसे नकोत. टुकटुकवाल्याने गेस्टहाऊसचं नाव ऐकलं, मान हलवली, आणि सांगितलं की ते बंद झालंय, रस्त्याचं काम चालू आहे, माझ्या ओळखीचं दुसरं चांगलं आहे.

सकाळी स्वस्त टुकटुक, आता फुकट. मी काही बोलायच्या आत मावशीने पर्समधून बुकिंगचा कागद काढला. त्यावरच्या फोन नंबरवर बोट ठेवलं आणि त्या मुलाच्या खिशातल्या मोबाईलकडे बोट केलं. “लाव,” ती मराठीतच म्हणाली. त्याला कळलं. त्याने नंबर लावला, मावशीने फोन हातात घेतला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, हो, खोली तयार आहे, तुम्ही कुठपर्यंत आलात? मावशीने फोन त्या मुलाला परत दिला. त्याने आम्हाला बरोबर दारात सोडलं, आणि मावशीने त्याला दोन डॉलर दिले. नको म्हणत होता, तरी दिले. त्याचा राग तिला आला नव्हता. त्याचं पोट त्या दुसऱ्या गेस्टहाऊसच्या दलालीवर चालतं हे तिला दिसत होतं.

हे सगळं आता जुनं झालंय. जून २०२५ मध्ये दोन्ही देशांतला तणाव वाढल्यावर थायलंडने या सीमेवरचे नाके प्रवाशांसाठी बंद केले, जुलैमध्ये सीमेवर लढाईच झाली. या वाटेने जायचा विचार असेल तर नाका उघडा आहे की नाही, हे आधी अधिकृत ठिकाणी बघावं लागेल. पण अरण्यप्रथेतसारखी अंगणं एकाच सीमेवर नसतात. जिथे लोक पायी देश बदलतात तिथे शिक्क्याच्या अलीकडे कुणी ना कुणी खुर्च्या मांडून बसलेलं असतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मावशी वही घेऊन पलंगावर बसली. ‘व्हिसा : ३,४०० बात’ ही दुपारी लिहिलेली ओळ तिने पट्टी लावून खोडली. खाली दोन नव्या ओळी लिहिल्या. ‘व्हिसा : १,८००. दलाली : १,६००.’ मग वर जाऊन, टुकटुकच्या ओळीपुढचे कंसातले दोन शब्दही खोडले.